चौथीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आला असेल तर

चौथी म्हणजे निवांत इयत्ता, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. पहिलीसारखी रडारड नाही, वरच्या वर्गांसारखा अवघड अभ्यास नाही, मुलं नऊ-दहा वर्षांची, अजून शिक्षकांचं ऐकणारी. वागण्यापुरतं हे खरं आहे. अभ्यासापुरतं अजिबात खरं नाही, आणि हे मला वर्ग हाती देताना कुणी बोललं नव्हतं.

अभ्यासक्रमाची यादी तुमच्याकडे असेलच, ती पुन्हा उगाळत नाही. गणितात मोठ्या संख्या, दोन अंकी संख्येनं गुणाकार, बाकी उरणारे भागाकार, सममूल्य अपूर्णांक, कोन, परिमिती आणि क्षेत्रफळ. भाषेत उतारा वाचून उत्तरं आणि स्वतःच्या शब्दांत परिच्छेद. विज्ञानात वनस्पती-प्राण्यांची रचना, ऊर्जा, पृथ्वी-सूर्य-चंद्र. इतिहास-भूगोलात नकाशा आणि कालरेषा. देश बदलला तरी यात थोडंफारच मागेपुढे होतं. मुलांच्या वाचनाची देशोदेशी तुलना करणारी पर्ल्स ही चाचणी 2001 पासून चौथीच्याच मुलांची घेतात. मुलानं तोवर वाचायला शिकलेलं असावं आणि पुढे वाचूनच शिकावं, अशी अपेक्षा सगळीकडे याच सुमाराला सुरू होते, म्हणून ही इयत्ता.

सगळी गोम इथेच आहे. तिसरीपर्यंत धडा घडाघडा वाचला की शाबासकी मिळते. चौथीत धडा वाचून हाती काय लागलं, हे विचारलं जातं. जीन चाल या अमेरिकी संशोधिकेनं 1983 मध्ये वाचनाच्या पायऱ्या मांडल्या, त्यात हे वळण चौथीच्या आसपासच येतं. गरीब घरांतल्या मुलांचा पुढे अभ्यास केला तेव्हा चाल यांना दिसलं, की तिसरीपर्यंत बरोबरीनं चालणारी मुलं चौथीपासून मागे पडू लागतात, आणि घसरण आधी दिसते ती शब्दार्थांत. रोजच्या बोलण्यातले शब्द नव्हेत; ‘परिणाम’, ‘प्रमाण’, ‘घटक’, ‘तुलना करा’ असले पुस्तकी शब्द. हे शब्द कोणत्याच एका विषयाचे नाहीत, म्हणून कुणीच शिकवत नाही. भाषेचे शिक्षक म्हणतात विज्ञानात येईल, विज्ञानाचे म्हणतात एवढं तर यायलाच हवं. तुम्ही सगळे विषय एकटेच शिकवत असाल तर ढकलायलाही कुणी नाही. एका अर्थी ते बरंच आहे.

आता गणितातला एक सापळा. मी यात पुरती अडकले होते, म्हणून इथे जरा जास्त बोलणार आहे.

शाब्दिक उदाहरणं शिकवताना जवळजवळ प्रत्येक नव्या शिक्षकाला एक तक्ता मिळतो: ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, ‘जास्त’ म्हणजे बेरीज, ‘प्रत्येकी’ म्हणजे भागाकार. तक्ता भिंतीवर लागतो, मुलं खूश, आपणही खूश. दुसरी-तिसरीत तो चालतोही, कारण तिथली उदाहरणं त्या तक्त्याला साजेशीच रचलेली असतात. चौथीत काय होतं ते पाहा.

‘मीनाकडे 24 चित्रं आहेत. ती राजूच्या चित्रांपेक्षा 8 ने जास्त आहेत. राजूकडे किती?’ तक्ता पाठ असलेलं मूल ‘जास्त’ पाहतं आणि 32 लिहितं. उत्तर 16. ‘6 सारख्या रांगांमध्ये एकूण 72 खुर्च्या आहेत. एका रांगेत किती?’ इथे ‘एकूण’ दिसलं की 78. ‘पुस्तकात 180 पानं आहेत. 40 वाचून झाली. उरलेली 4 दिवसांत सारखी वाटून वाचायची, तर रोज किती?’ मूल 140 वर थांबतं, कारण ‘उरलेली’ या शब्दाचं काम झालं, पुढे कशाला जायचं? आणि भागाकारात बाकी उरली की होणारा घोळ तर वेगळाच. 50 मुलं, एका होडीत 8 बसतात, तर होड्या किती? 7. 50 पेन्सिली, 8-8 चे पूर्ण संच किती? 6. भागाकार एकच, उत्तरं दोन. फरक आकडेमोडीत नाही, प्रसंगात आहे, आणि प्रसंग कळायला वाक्य नीट वाचावं लागतं. तक्ता नेमकं हेच टाळायला शिकवतो.

हा दोष फक्त कच्च्या मुलांचा असं समजू नका. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी 1980 च्या सुमारास लहान मुलांना एक गमतीशीर उदाहरण दिलं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेले आकडे एकत्र करून वय काढून दाखवलं! मुलं मूर्ख नव्हती. गणिताच्या तासाला आकडे दिसले की काहीतरी करून उत्तर द्यायचं, हा नियम त्यांनी आपल्याकडूनच उचललेला होता.

मग करायचं काय? उदाहरण फळ्यावर लिहा, पण आकडे झाका. ‘मीनाकडे काही चित्रं आहेत, ती राजूपेक्षा काही जास्त आहेत.’ आता विचारा, कोणाकडे जास्त? मुलांना गोष्ट सांगू द्या. मग दोन पट्ट्या काढायला सांगा, एक लांब, एक आखूड. मग उत्तर मीनाच्या चित्रांपेक्षा मोठं येईल की लहान, एवढंच विचारा. आकडे सगळ्यात शेवटी उघडा. अधूनमधून एक जास्तीचा आकडा घाला किंवा एक माहिती गाळा, आणि ‘हे सोडवता येत नाही’ हे उत्तर बरोबर धरा. सुरुवातीला वर्ग रेंगाळेल, शेजारच्या वर्गाचे चार धडे पुढे जातील. जाऊ द्या. तक्ता मात्र आजच उतरवा, हे मी अगदी हट्टानं सांगते.

शॉर्टकटांबद्दल माझं मत एव्हाना कळलंच असेल. तरी सगळेच वाईट नाहीत. पाढे पाठच हवेत, त्याला पर्याय नाही. 7 × 8 ला बोटं मोजणारं मूल भागाकाराच्या मध्यावर आपण काय करत होतो तेच विसरतं. पाठांतर हे ओझं हलकं करायला, विचार टाळायला नव्हे.

भागाकारात शून्याची चूक तुम्हाला हमखास भेटेल: 618 ÷ 6 चं उत्तर 13. पायऱ्या पुन्हा पुन्हा गिरवून ती जात नाही. आधी अंदाज घ्यायला लावा: 600 चे 6 भाग केले तर 100, मग 13 कसं येईल? अपूर्णांकातही गोंधळ तसाच. 8 हा 4 पेक्षा मोठा, म्हणून 1/8 हा 1/4 पेक्षा मोठा, असं मुलं अगदी ठामपणे सांगतात. कागदाच्या घड्या घाला, पण तिथेच थांबू नका, संख्यारेषेवर दोन्ही दाखवा. अपूर्णांक म्हणजे फक्त तुकडा, अशी कल्पना पक्की झाली तर पुढे 5/4 कुठे ठेवायचा ते कळत नाही.

विज्ञानात बरोबर शब्द म्हणजे समज, असं धरून चालू नका. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना पृथ्वीचा आकार विचारला, तेव्हा अनेकांनी गोल सांगितलं. चित्र काढायला लावलं आणि खोदून विचारलं, तेव्हा कुणाची पृथ्वी थाळीसारखी चपटी निघाली, कुणाची पोकळ चेंडूसारखी, माणसं आत सपाट जमिनीवर उभी. कुणाच्या मनात तर दोन पृथ्व्या होत्या, एक आकाशातली गोल आणि एक पायाखालची सपाट. व्याख्या लिहून घेण्याऐवजी चित्र काढायला सांगा, दोन मिनिटांत सगळं बाहेर येतं.

इतिहास-भूगोलात फार घाबरण्यासारखं नाही. फक्त नकाशा एकदा जमिनीवर, खऱ्या उत्तरेला तोंड करून अंथरा. नाहीतर उत्तर म्हणजे ‘वर’ हे डोक्यात बसतं ते बसतंच.

अनुभवी शिक्षकांविषयी एक स्पष्ट सांगते. तयार टाचणं आणि प्रश्नसंच देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे आभार माना आणि कागद बाजूला ठेवा. तुमच्या वर्गात मागे बसून कोणतं मूल कुठे अडलं ते सांगणारं माणूस मिळालं, तर त्याला सोडू नका. असं कुणी मिळालं नाही तरी तिसरी आणि पाचवीच्या शिक्षकांकडे एकेक तास जाऊन बसा. मुलं कुठून आली आणि कुठे जाणार, हे तिथे जेवढं दिसतं तेवढं कोणत्याच प्रशिक्षणात मला दिसलं नाही.

पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊ नका. विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद घ्या, प्रत्येक मुलाला एकट्याला बोलावून मोठ्यानं वाचायला लावा आणि मग पुस्तक मिटून ‘काय सांगितलंय?’ असं विचारा. अडखळत वाचणारी मुलं लगेच कळतात. त्यांना रोज थोडा वेळ, सोपा मजकूर आणि जोडाक्षरांचा सराव द्या. सुधारतात ती, धीर धरा. जपायचं ते सुरेख वाचून गप्प उभं राहणाऱ्या मुलाला. त्याच्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नसते, पालकांनाही ते हुशारच वाटतं. त्याला वाचनाचा सराव देऊ नका, त्याची गरज ती नाही. त्याच्याशी प्रत्येक धड्यातल्या तीन-चार पुस्तकी शब्दांवर बोला, ते त्याला स्वतःच्या वाक्यात वापरू द्या, आणि महिन्याभरानं तसाच दुसरा परिच्छेद देऊन पुन्हा विचारा.