बायसनपासून किती लांब? अंगठा धरून बघा

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात, सेज क्रीक रिम रोडवर बायसन (गव्यासारखे अवाढव्य रानटी प्राणी) अगदी रस्त्याकडेला चरत असतात आणि मोकळ्या माळावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून फोटोसाठी उतरण्याआधी:

1. हात पूर्ण ताणून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा.
2. अख्खा प्राणी अंगठ्याआड गेला तर ठीक. शिंगं, शेपूट बाहेर दिसली तर मागे सरका.

शेपूट वर उचललेली दिसली, म्हणजे प्राणी चिडलाय, की मोजमाप सोडा आणि सरळ गाडीत बसा. हे धूड ताशी 50 किलोमीटरच्या वर पळतं! कळप रस्त्यावर आला तर हॉर्न नको, नुसतं थांबा. आणि हो, या कच्च्या रस्त्याला लागण्याआधी वॉल गावात टाकी भरून घ्या.