पॅड चिकटत नाही? व्होल्टेज वाढवण्याआधी फडकं घ्या

तांब्याच्या टेपचे दोन कंगवे एकमेकांत दात घालून बसवले, वर कॅप्टॉन या सोनेरी, वीजरोधक प्लास्टिक फिल्मचा थर चढवला, दीड हजार व्होल्ट दिले आणि तरी पॅड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून सरकन घसरला. इलेक्ट्रोॲडहेजनचा, म्हणजे विजेच्या आकर्षणाने वस्तू धरून ठेवण्याचा, प्रयोग करणाऱ्याचा हात अशा वेळी आपोआप व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. माझाही जायचा. बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे पाठ असतं ना!

पण दोष बहुतेक वेळा त्या नॉबमध्ये नसतो, मधल्या फटीत असतो. हिशेब करून बघा. कॅप्टॉन 50 मायक्रॉन, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ आतलं विद्युत क्षेत्र किती पटीने कमी करतो तो आकडा) 3.4. पत्रा कशालाच जोडलेला नसल्यामुळे दोन कंगव्यांमधले 1500 व्होल्ट वाटले जातात आणि प्रत्येक बाजूला 750 येतात. पॅड आणि पत्रा यांच्यात 10 मायक्रॉन हवा असेल तर दाब साधारण 4 किलोपास्कल. इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर धरलं, तर कागदावर चार किलो वजन पेलतं. आता पत्र्याला जरासा बाक आहे किंवा धुळीचे कण आहेत, म्हणून फट 50 मायक्रॉन झाली. केसाहूनही बारीकच की! पण दाब 0.6 किलोपास्कलवर येतो. चार किलोचे सहाशे ग्रॅम.

हे व्होल्टेजने भरून काढायचं तर अडीचपटीहून जास्त, म्हणजे चार हजारांच्या घरात जावं लागतं. पण 50 मायक्रॉनची हवेची फट सहाशे व्होल्टच्या आसपासच फुटते. तिथे डिस्चार्ज होतो, कॅप्टॉनच्या पृष्ठभागावर विरुद्ध चार्ज जाऊन बसतो आणि मूळ विद्युत क्षेत्रालाच झाकतो. नॉब फिरवत राहायचं आणि पकड ढिली होत जायची, असा उलटा प्रकार! म्हणून आधी पत्रा आणि पॅड दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरून कण दिसतात का पाहा. पॅडच्या पाठीला जाड ॲक्रिलिक असेल तर ते काढून मऊ फोम लावा, म्हणजे पॅड पृष्ठभागाच्या बाकाप्रमाणे वळेल.

टेपची जाडीही लोक चुकीची धरतात. 25 मायक्रॉनची टेप म्हणजे फक्त फिल्म 25. खालचा सिलिकॉनचा गोंद वेगळा, तो फिल्मपेक्षाही जाड असू शकतो. बल काढताना दोन्ही धरा. टेपखाली बुडबुडा राहिला की तिथेच ठिणगी पडते. इलेक्ट्रोडचे कोपरे टोकदार ठेवू नका, कात्रीने गोल करा.

वस्तू बदलली की वागणूक बदलते. धातूत चार्ज लगेच सरकतो, पॅड क्षणात धरतो. कागद, लाकूड, प्लास्टर यांना वेळ लागतो. व्होल्टेज देऊन काही सेकंद थांबा, मगच उचला. कोरडं पॉलिथिन किंवा टेफ्लॉन मुळात कमी पकडतं, तिथे पॅडला दोष देऊ नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणखी एक गंमत होते: दमट कागद जास्त चांगला चिकटतो आणि त्याच दिवशी पॅडच्या कडेवरून गळती वाढल्याने पुरवठा कोलमडतो. कडेला कॅप्टॉन 10 मिलिमीटर तरी जास्त सोडा.

गळती प्रत्येक वेळी शत्रू नसते, हेही खरं. जोन्सेन आणि राबेक या डॅनिश अभियंत्यांनी 1923 साली किंचित वाहक पदार्थांवर मिळणाऱ्या जबर पकडीबद्दल लिहिलं होतं. अशा पदार्थात जवळपास सगळं व्होल्टेज पृष्ठभागाच्या सूक्ष्म फटीवर येतं. चिप बनवताना वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) धरणारे काही चक, म्हणजे पकडणारे तळ, याच तत्त्वावर चालतात. घरच्या प्रयोगात मात्र या वाटेला जाऊ नका, सोडवताना फार छळतं.

वीजपुरवठ्यासाठी डास मारायच्या बॅटचं सर्किट काढून वापरणारे बरेच. त्यातला कॅपॅसिटर बटण सोडल्यावरही भरलेला राहतो. हात लावण्याआधी रेझिस्टरमधून रिकामा करा. आणि व्होल्टेज साध्या मल्टीमीटरने मोजू नका. त्याची मर्यादा बहुधा 600 किंवा 1000 व्होल्ट, शिवाय त्याचा 10 मेगाओहमचा भार दीड हजार व्होल्टवर 150 मायक्रोॲम्पिअर ओढतो. पुरवठ्याचं कमकुवत मॉड्यूल तेवढ्यानेच खाली बसतं, मग चुकीचा आकडा बघून आपण आणखी नॉब फिरवतो. एक गिगाओहमची विभाजक साखळी (व्होल्टेजचा ठरावीक लहान हिस्साच मीटरला देणारी रेझिस्टरची रांग) लावा.

चाचणी घेताना कोपरा धरून सोलून पाहू नका. सोलताना सगळा ताण एका रेषेवर येतो, मग चांगला पॅडही उठून येतो. पॅड पृष्ठभागाला समांतर ओढा, किंवा मधोमध दोरी बांधून सरळ खेचा.

आणि सोडायच्या वेळी कागद लोंबकळतच राहिला, तर पॅड बिघडलेला नसतो. कॅप्टॉनवर चार्ज अडकलेला असतो. कंगवे शॉर्ट करून पाहा. तरी नाही सुटला तर ध्रुव थोडा वेळ उलटे द्या. रोजच्या वापरात दर सेकंदाला एकदा ध्रुव बदलणारी चौकोनी लाट दिली, तर असा चार्ज फारसा साचतच नाही. फक्त ध्रुव बदलतानाच्या क्षणी पकड किंचित सैल पडते, तेवढं जड वस्तू उचलताना ध्यानात ठेवा.