रिंजानीला जाताय? सह्याद्रीच्या या सवयी मुंबईतच ठेवा

हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय, कळसूबाई तर दरवर्षीचंच. मग इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा रिंजानी काय अवघड, असा हिशोब मुंबईच्या ट्रेक ग्रुपांत सर्रास होतो. दमाच्या बाबतीत तो फारसा चुकत नाही, जमिनीच्या बाबतीत चुकतो. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजून कातळ झालेला. तिथे पाय टाकला की टिकतो. रिंजानी जिवंत ज्वालामुखी आहे. उंची ३,७२६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि शेवटचा चढ सुट्या राखेचा नि भुसभुशीत खड्यांचा.

सुट्टी बघून तारीख ठरवणे

लोंबोक विषुववृत्ताच्या दक्षिणेला. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. नाताळच्या सुट्टीत जाणं म्हणजे भर पावसात जाणं, आणि जानेवारी ते मार्च रिंजानीच्या वाटा एरवीही बंदच असतात. मे ते सप्टेंबर हा काळ धरा. आपण राजमाचीला भिजत असतो तेव्हा तिथे कोरडं असतं. मार्चमध्ये शेजारच्या बालीतला बातूर (१,७१७ मीटर) करणार असाल तर न्येपीची तारीख आधी बघा. तो तिथल्या शक वर्षाचा पहिला दिवस, बहुतेकदा आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो.

शेवटच्या चढावर जोर लावणे

सेंबालुन गाव सुमारे १,१५० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी तिथून २,६३९ मीटरवर, ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर मुक्कामाला चढायचं आणि रात्री दोनच्या सुमारास माथ्याकडे निघायचं. राहिलेली उंची १,०८७ मीटर. खरी वाट लागते ती शेवटच्या टप्प्यात: दोन पावलं वर टाकली की एक खाली घसरतं.

चवड्यावर जोर दिला की राख मागे सरकते आणि पोटऱ्या भरून येतात. त्याऐवजी अख्खा तळवा सपाट टेकवा, पाऊल छोटं ठेवा, पुढच्याच्या दाबून घट्ट झालेल्या ठशात पाय द्या. काठ्या दोन हव्यात. चढताना थोड्या आखूड, उतरताना लांब. दम लागला तर बसू नका, उभ्यानेच वीस-तीस श्वास घ्या. बसलं की घाम गार होतो आणि उठवत नाही.

फार लवकर पोहोचणं हीही चूकच. सूर्योदय तिथल्या वेळेनुसार सहानंतर. पाचलाच माथा गाठला तर तासभर वाऱ्यात कुडकुडत बसाल. समुद्रकाठी २८ अंश असेल, तर दर हजार मीटरला साडेसहा अंश वजा करत गेल्यावर माथ्यावर चारेक अंश उरतात, वारा वेगळा. सुती टीशर्ट घालून चढू नका, आणि एक कोरडा जोड फक्त माथ्यासाठी राखून ठेवा.

उतरताना लोक भीतीने मागे रेलतात आणि बुडावर आपटतात. गुडघे सैल ठेवा, अंग किंचित पुढे, टाच राखेत रुतवत या. धावू नका. कुणाच्याही सरळ रेषेत खाली उभे राहू नका. दगड सुटला तर ‘बातू!’ असं ओरडा, म्हणजे ‘दगड!’. सेल्फीसाठी कडेला जाऊ नका, वरून घट्ट दिसणारी कड आतून पोकळ असू शकते.

सराव मुंबईतच होतो. जुहू किंवा गोराईला भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत सहा-सात किलोची सॅक घेऊन तासभर चाला. वीस मजली इमारतीचे जिने चढाच, पण उतरताना लिफ्ट घेऊ नका; गुडघे उतारावरच बोलतात.

पावसाळी जाळीचे बूट

पाणी निथळावं म्हणून आपण जाळीचे बूट घेतो. त्याच जाळीतून राख आत जाते आणि तासाभरात टाच सोलते. घोट्यापर्यंतचे, बंद कापडाचे, अर्धा नंबर मोठे बूट घ्या. वर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकून राख अडवणारं आवरण, हवंच. नसेल तर जुन्या लांब मोज्याचा पंजा कापा आणि उरलेली नळी बुटाच्या तोंडावर ओढून बसवा. पायात चटका जाणवला की त्याच क्षणी थांबा, राख झटका, केमिस्टकडची कागदी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टी लावून फारसं काही साधत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी नखं कापा, नाहीतर उतारावर अंगठे काळेनिळे होतात.

डोकेदुखी गोळीने दाबणे

अडीच हजार मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, चक्कर हा उंचीचा त्रास असू शकतो. पॅरासिटामॉल घेऊन वर जाऊ नका. तिथेच थांबा, वाढला तर रात्र असली तरी गाईडसोबत खाली उतरा. विम्याची पॉलिसीही वाचा, काहींमध्ये ठरावीक उंचीवरचा ट्रेक वगळलेला असतो.

इशारा न बघणे

इंडोनेशियात ज्वालामुखीचे चार स्तर जाहीर होतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. निघायच्या आदल्या दिवशी ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या तिथल्या सरकारी संकेतस्थळावर स्तर आणि बंदीचा परिघ बघा. गंधकाचा वास आला तर खोलगट जागी टेकू नका. हे वायू हवेपेक्षा जड असतात, खड्ड्यात साचतात.

शाकाहारी म्हणजे शाकाहारी, असं धरून चालणे

भाजी घातलेल्या नासी गोरेंगमध्येही ‘तरासी’, म्हणजे कोळंबीची वाटलेली चटणी, असू शकते, आणि पापड बरेचदा कोळंबीचेच. बुकिंग करतानाच ‘तान्पा तरासी’, म्हणजे ‘तरासीशिवाय’, असं लिहून द्या. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) तिथे सहज मिळतात. थेपले, मेतकूट नेलंत तर पहाटेच्या चढाआधी पोटाला आधार.

परतीचं विमान त्याच दिवशी

लोंबोक ते बाली स्पीडबोट लाटा चढल्या की रद्द होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असू शकतो. ट्रेक संपल्यावर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा किंवा लोंबोकहून विमानानेच निघा. काठ्या चेक-इन बॅगेत, पॉवरबँक हातातल्या बॅगेत.