एल-ब्रॅकेट घेताना काय बघाल?
एल-ब्रॅकेट म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि एका बाजूला बसणारा, आडवी आणि उभी अशा दोन पट्ट्यांचा L आकाराचा धातूचा तुकडा. उभ्या फ्रेमसाठी बॉलहेड (ट्रायपॉडच्या टोकावरचा, कॅमेरा हवा तसा वळवणारा गोल सांधा) ९० अंशात कलवला, की कॅमेरा ट्रायपॉडच्या एका अंगाला लोंबतो आणि वजनाने हळूहळू खाली झुकतो. एल-ब्रॅकेट असला की कॅमेरा काढून नुसता उभा बसवायचा. वजन मधोमधच राहतं.

शक्यतो आपल्या मॉडेलसाठीच बनवलेला घ्या. ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून विकतात तो स्वस्त खरा, पण बॉडीला अडवणारी कड नसली तर कॅमेऱ्याच्या तळाशी लागणाऱ्या पाव इंची स्क्रूभोवती गरकन फिरतो. ब्रॅकेट न काढता बॅटरीचं झाकण उघडतं का, केबलची पिन पूर्ण आत जाते का, हे कॅमेरा सोबत नेऊनच तपासा. स्क्रीन बाजूला उघडणारी असेल तर उभी पट्टी सरकवता यायला हवी. दोन्ही पट्ट्यांच्या कडा आर्का-स्विस या प्रचलित मापाच्या, साधारण ३८ मिमी रुंद हव्यात. हेडचा क्लॅम्पही (पट्टी पकडणारी पकड) त्याच मापाचा लागतो.