साडेआठला टेबल मोकळं हवं

आमच्या घरात मोठं टेबल एकच आहे आणि रात्री साडेआठला त्यावर ताटं मांडली जातात. माझं क्विल्टिंगचं, म्हणजे तुकडे जोडून थरांचं पांघरूण शिवण्याचं, सगळं शिक्षण या अटीवर झालं. शिवणाला वेगळी खोली असेल, तर पुढचं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

पहिल्यांदा नवं कापड कापताना पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, धडधाकट कापडाचे तुकडे करायचे आणि परत जोडायचे? घरातल्या चिंध्या संपल्या का?" त्या साताऱ्याकडच्या. त्यांच्याकडे गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर काठापासून आत येणारा धावदोरा. क्विल्टमध्येही थरच असतात: वर जोडलेले तुकडे, मध्ये बॅटिंग म्हणजे भरावाचा मऊ थर, खाली अस्तर. मी त्यांना मोबाइलवर अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंडच्या बायकांचे क्विल्ट दाखवले. शेतावरच्या विटलेल्या जीन्सचे, वाकडेतिकडे, आणि तरी २००२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांत टांगलेले. आज 'मॉडर्न' क्विल्ट म्हणून जे चालतं, मोठे सपाट रंग, भरपूर मोकळी जागा, मुद्दाम मोडलेली चौकट, त्यातलं बरंच तिथे आधीच दिसतं. "ही तर वाकळ," म्हणाल्या आणि चष्मा लावून परत पाहिलं.

रंगाबाबत माझी फजिती झाली. पहिल्या क्विल्टला मी मोहरी, जांभळा, बाटली हिरवा, विटकरी असे लाडके रंग घेतले. दुकानात एकेक सुंदर होता. जोडल्यावर लांबून नुसती खिचडी. कारण नंतर कळलं. रंग वेगळे होते, पण गडदपणा सगळ्यांचा जवळपास सारखा. नक्षी डोळ्याला दिसते ती फिकट आणि गडद यांच्या फरकामुळे. आता मी तुकडे मांडते, मोबाइलवर फोटो काढते आणि तो कृष्णधवल करते. फोटोत दोन कापडं एकमेकांत विरघळली, तर एक बदलायचं. तीन गडद घेतली की दोन फिकट घ्यायची, एवढा अंदाज सुरुवातीला पुरतो. माझ्यासारख्यांचा हात फिकटाकडे जातच नाही. "मळतं" हे बाळकडू.

कापड कुठे घ्यायचं? परदेशी क्विल्टिंग कॉटनच्या मागे लागू नका. कोपऱ्यावरचं मॅचिंग सेंटर हा आपल्याकडचा खजिना आहे. ब्लाउजच्या टू-बाय-टूच्या आणि केंब्रिकच्या तितक्या छटा कुठेच मिळणार नाहीत. दुकानदार सवयीने विचारतो, "कशावर मॅच करायचंय?" मी म्हटलं, "कशावरच नाही." त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. फक्त सुती आहे ना, हे विचारून घ्या. खण मोहात पाडतो, पण बऱ्याचदा त्यात कृत्रिम धागा असतो, आणि सुतीला लागणारी कडक इस्त्री त्याला सोसत नाही.

आणि पाव मीटर मागू नका. पाव मीटर म्हणजे ९.८ इंच, त्यात ५ इंचाच्या दोन पट्ट्या बसत नाहीत. ३० सेंटिमीटर मागा. घरी आल्यावर सगळं धुवा. लाल आणि गडद निळ्याचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर ठेवून इस्त्री दाबा. रुमाल रंगला, तर ते कापड पुन्हा धुवायचं. तरीही रंग सोडत असेल तर क्विल्टमध्ये घालायचं नाही.

पहिलं काम दुपट्याचं करा. ५ इंचाचे ८० चौकोन, आडवे ८, उभे १०. दोन्ही बाजूंना पाव इंच शिलाईत गेलं की प्रत्येक चौकोन साडेचार इंचाचा उरतो आणि दुपटं ३६ बाय ४५ इंचांचं होतं. ४४ इंच पन्ह्यातून एका पट्टीत ८ चौकोन निघतात, म्हणजे सगळी मिळून १० पट्ट्या. कापायला रोटरी कटर, म्हणजे मुठीला लावलेलं फिरतं गोल पातं, आणि जाड मोजपट्टी घ्या. हे पातं १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने आणलं. कात्रीने दिवसभर चालणारं काम त्याने तासात होतं. लहान मूल घरात असेल, तर हातातून खाली ठेवण्याआधी पातं मिटायचं. दर वेळी.

पाव इंच म्हणजे पाव इंचच. माझी शिलाई इंचाचा सोळावा भाग जास्त जात होती. एका ओळीत ७ जोड, प्रत्येक जोडाच्या दोन कडा, म्हणजे १४ वेळा तीच चूक. ओळ जवळजवळ इंचभर आखूड झाली आणि शेजारच्या ओळीला चुण्या पडल्या. उसवायला तीन संध्याकाळी गेल्या. साधं काळं घरगुती मशीन चालतं. सुईपासून बरोबर पाव इंचावर प्लेटला चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा आणि कापडाची कड त्याला घासून चालवा. शिलाईवर इस्त्री फिरवू नका, उचलून दाबा. फिरवली की चौकोनाचा पतंग होतो.

आता वेळेचं. सुट्टीच्या दिवशी करू म्हणाल तर होणार नाही, सुट्टीला पाहुणे येतात. मी कामं लक्ष किती लागतं त्यावरून वाटली आहेत. कापणं दुपारी, घरात कुणी नसताना. जोडणं कुकर लावून. तीन शिट्ट्यांत एक ओळ होते. जोडी-जोडीने लावलेले चौकोन स्टीलच्या परातीत असतात, साडेआठ वाजले की परात कपाटावर. मांडणी मात्र जमिनीवर, आणि तिथे सातवीतली लेक येऊन मला न विचारता दोन तुकडे बदलून जाते. बहुतेकदा बरोबर बदलते, हे मी तिला सांगितलेलं नाही. थर पसरायला घरच्यांचे हात लागतात: अस्तर ताणून चिकटपट्टीने फरशीला, वर बॅटिंग, वर जोडकाम, आणि वीतभर अंतरावर सेफ्टी पिना. बॅटिंग दुपट्याला सुतीच घ्या. मशीनवर तीन थर सरकू लागले, तर हाताने धावदोरा घाला. मी तो टीव्हीसमोर घालते.

पैशांबद्दल एकदाच. पहिल्या ऑर्डरला मी कापडाचा खर्च अधिक पाचशे रुपये सांगितले आणि चाळीस तास शिवत बसले. आता तास वहीत लिहिते. भाव ऐकून निम्म्या जणी गप्प होतात. होऊ देत.

किनारीला अडीच इंची ५ पट्ट्या लागतात, ४ नाही. घेरच १६२ इंच आहे. ती मागच्या बाजूने हाताने टाचायची. मागच्या आठवड्यात माझ्या कोपऱ्यांना गाठी आल्या, तेव्हा सासूबाईंनी दुपटं ओढून घेतलं, कोपरा नखाने मोडला, टाका घातला आणि म्हणाल्या, "पिवळा जास्त झालाय." साडेआठ वाजून गेले होते. ताटं त्या दिवशी ओट्यावरच वाढली.