कडक उन्हात मोटरसायकल चालवताना इंजिन आणि शरीर कसे सांभाळावे

भर उन्हात मोटरसायकल चालवताना खालचे इंजिन आणि त्यावर बसलेले शरीर दोन्ही तापत असतात. पण दोघांना थंड ठेवण्याचे उपाय एकच नाहीत, आणि बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात. इंजिनाचा पत्रा शंभर अंशांच्याही वर तापलेला असतो, त्यामुळे ४२ अंशांचा वारासुद्धा त्याच्यासाठी गारच असतो. त्वचेचे तापमान मात्र साधारण ३५ अंश असते, म्हणून तोच वारा अंगाला थंड करण्याऐवजी तापवतो. इंजिनाला थांबणे बाधते, तर शरीराला उघड्या अंगाने धावणे बाधते.

प्रथम इंजिनाविषयी. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकापर्यंत पोहोचतो, उरलेली बहुतेक सारी उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या पृष्ठभागावरून बाहेर पडते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ती फिन्समधून, म्हणजे इंजिनावरच्या धातूच्या पातळ पात्यांमधून, वाऱ्यात जाते. म्हणून फिन्समध्ये साचलेला चिखल आणि तेलकट धूळ गाडी पूर्ण गार असताना मऊ ब्रशने काढून टाकावी. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मात्र कधीही ओतू नये, कारण धातू एका बाजूने अचानक आकुंचन पावला तर तो वाकण्याची किंवा त्याला तडा जाण्याची भीती असते.

ऑइल हे केवळ वंगण नसून इंजिनाच्या आतली उष्णता वाहून नेणारे माध्यमही आहे. पातळी खाली गेली की उरलेले ऑइल अधिक तापते, पातळ होते आणि लवकर निकामी होते. उन्हाळ्यात दर आठवड्याला गाडी सरळ उभी करून पातळी पाहावी आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच वापरावा. ज्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो त्यांच्यासाठी डब्यावर जेएएसओ एमए ही खूण असलेले ऑइल घ्यावे, कारण मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी क्लच घसरू लागतो.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, असलेल्या गाडीत राखीव टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे इंजिन गार असताना पाहावे. हा द्रव जिथे गार होतो त्या रेडिएटरच्या जाळीत अडकलेली पाने आणि किडे काढून टाकावेत. रेडिएटरचे झाकण तापलेल्या अवस्थेत उघडणे ही सर्वांत घातक चूक आहे: आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच क्षणात उसळून हातातोंडावर येतो. तापमानाचा दिवा लागल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते हाताला गार लागेपर्यंत झाकणाला स्पर्श करू नये.

वाहतुकीच्या कोंडीत वारा मिळत नाही आणि उष्णता मात्र तयार होतच राहते. मिनिटभरापेक्षा जास्त थांबावे लागणार असेल तर इंजिन बंद करावे. पुढे सरकताना अर्धा क्लच धरून ठेवण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्यावी, क्लच पूर्ण सोडून तेवढे अंतर जावे आणि पुन्हा थांबावे. ही सवय लागायला वेळ लागतो, पण क्लच आणि मनगट दोन्हींना तिचा आराम कळतो. अतिताप सुरू झाल्याचे एक चिन्ह पायालाच कळते: एरवी अलगद पडणारा न्यूट्रल सापडेनासा होतो आणि गिअर जड लागू लागतो. पाठोपाठ इंजिनातून टकटक ऐकू आली आणि पिकअप कमी वाटला, तर पुढचा सिग्नल गाठण्याची घाई न करता लगेच थांबावे.

पायाला बसणारी धग हा वेगळा विषय आहे. सायलेन्सरवरील संरक्षक पत्र्याचे स्क्रू सैल झाले की तो पोटरीला लागतो, म्हणून ते वेळोवेळी आवळावेत. घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड सुती कापडाची पँट वापरावी. पॉलिस्टरचे पातळ कापड गरम नळीला लागले तर वितळून कातडीला चिकटते. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

आता शरीर. जाळीचे जॅकेट साधारण ३५ अंशांपर्यंत उत्तम असते, पण त्याहून गरम हवा अंगावर घेतल्याने घाम उपयोगी पडण्याआधीच उडून जातो. अशा वेळी जॅकेटच्या हवा येण्याच्या फटी कमी कराव्यात आणि आत पाण्यात भिजवून पिळलेला सुती शर्ट घालावा, म्हणजे बाष्पीभवन सावकाश होऊन गारवा टिकतो. मानेभोवती ओला रुमाल बांधल्यानेही फरक पडतो. दमट हवेत मात्र पाणी उडतच नाही, त्यामुळे तेथे मोकळे जॅकेट आणि वारंवार सावलीत थांबणे हाच मार्ग आहे. उकडते म्हणून हेल्मेट किंवा जॅकेट काढणे हा उपाय नव्हे. ऊन आणि रस्ता दोन्ही उघड्या कातडीला सोडत नाहीत.

तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी काही घोट पाणी प्यावे. घाम बराच गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी घ्यावे. येथे चमचा म्हणजे चहाचा.

उष्णता सर्वप्रथम लक्ष हिरावून घेते. एकदा मोकळ्या रस्त्यावर कितीतरी अंतर माझा इंडिकेटर लुकलुकत राहिला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. थांबून पाय टेकवला तेव्हा गुडघा थरथरत होता, आणि तोवर मी स्वतःला ठीकच समजत होतो. तेव्हापासून असा क्षुल्लक विसर पडला की मी तो थांबण्याचा हुकूम मानतो. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे किंवा चक्कर यांपैकी काही जाणवल्यास सावलीत जाऊन हेल्मेट आणि जॅकेट काढावे, अंग ओले करून वारा घ्यावा आणि पाणी प्यावे.

सोबतचा चालक असंबद्ध बोलू लागला, गोंधळला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी, ती येईपर्यंत त्याच्या अंगावर सतत पाणी टाकून वारा घालावा, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. थोड्या वेळाने तो सावरला आणि ‘मी चालवतो’ म्हणाला, तरी किल्ली आपल्याजवळ ठेवावी आणि त्याला दवाखान्यात न्यावे.