शिकागो कब्स या बेसबॉल संघाचा 2016 हंगाम: शेवटचा सामना वहीत कसा उतरवावा

जळगाव-धुळ्याकडच्या नव्या स्कोअररने (सामन्याची नोंद वहीत ठेवणाऱ्याने) सरावाला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामनाच घ्यावा. शिकागोने क्लीव्हलँडला हरवून 108 वर्षांनी विजेतेपद घेतले ते इथे. डावांचे रकाने नेहमीचे नऊ नको, दहा आखा. निकाल दहाव्या डावात 8-7 लागला. पेन्सिलच वापरा.

आकडे जर्सीचे नव्हे, जागेचे: पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (फलंदाजामागचा) 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6. गोंधळ होतो तो 5-6 मध्ये. तिसऱ्या बेसवरच्या ब्रायंटने चेंडू उचलून पहिल्या बेसवरच्या रिझोकडे फेकला, म्हणून शेवटचा बाद 5-3.

आठव्या डावात क्लीव्हलँडच्या डेव्हिसच्या होमरनने (चेंडू थेट मैदानाबाहेर) 6-6 झाले. तिथे धावेच्या दोन चौकटी भरा, डेव्हिसची आणि दुसऱ्या बेसवर थांबलेल्या त्याच्याच संघातल्या गायरची. नवखे एकच भरतात, मग बेरीज जुळत नाही.